सिनॅमन रोल: पाच खेपा, पाच तऱ्हा. कुणीतरी पंचनामा करा!

कोरडी_शाई (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे. पहिला धागा काढायची वेळ आली ती नामुष्कीमुळे.

गेल्या दोन महिन्यांत पाच वेळा सिनॅमन रोल (दालचिनी-साखरेचं सारण भरून गुंडाळलेले गोड पाव) केले. पाचही वेळा फसले, आणि दर वेळी नव्या तऱ्हेनं फसले. घरात आता "आज काय बिघडणार" यावर पैजा लागतात. केक, बिस्किटं बरी जमतात. यीस्टशीच काय ते वाकडं आहे.

खेप १: गोळा फुगलाच नाही. दूध कडकडीत तापवून त्यात यीस्ट घातलं होतं. हे माझं मलाच कळलं. यीस्ट उकडून मारलं.

खेप २: फुगले, भाजले, वरून देखणे. मधला रोल कापला तर आत कच्चं, लगदा.

खेप ३: सारण सगळं वितळून तळाशी. तिथं त्याची काच झाली. कागदासकट खरवडून काढावी लागली. रोलच्या आत नुसता पाव.

खेप ४: म्हटलं, सारणाची भानगडच नको. दोन मोठे चमचे दालचिनी पूड थेट पिठात मळली. चार तास झाले, गोळा ढिम्म. (या वेळी दूध कोमट होतं, शपथ.)

खेप ५, म्हणजे काल: सगळं नीट. फुगले, शिजले, गळले नाहीत. गरम होते तोवर बरेही लागले. आज सकाळी डब्यातून काढताना एक हातून सुटला तर फरशीवर आवाज झाला. आवाज!

प्रमाण: ३ कप मैदा, पाऊण कप दूध, १ अंडं, पाव कप साखर, ५० ग्रॅम बटर, २ टीस्पून यीस्ट, अर्धा टीस्पून मीठ. पीठ हाताला फार चिकटतं, म्हणून लागेल तसा मैदा घालते. १८० अंशांवर २५ मिनिटं.

कुठं चुकतंय?

खारूताई_झाडावर

फोटो? फोटोशिवाय पाककृतीचा धागा फाऊल धरतात इथं.

कोरडी_शाई

पुराव्याची काच टाकून दिली. बाकीच्यांचे काढायची हिंमत झाली नाही.

काटकोन

"लागेल तसा मैदा घालते." तुमच्या पाचव्या खेपेचा निकाल या चार शब्दांत आहे.

हे रोल म्हणजे दूध, अंडं, बटर, साखर घातलेला मऊ पाव. त्याचं पीठ चिकटच असतं, असायलाच हवं. ते चिकटेनासं होईपर्यंत मैदा घातलात की त्यातलं पाणी तुलनेनं कमी झालं. भाजून निघताना गरम असतं तोवर बटरमुळे मऊ भासतं, गार झालं की खरं रूप दिसतं.

दुसरं, तुमचा कप. मैदा चमच्यानं हलकेच भरून वरून सपाट केला तर कपात १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप पिशवीत खुपसून भरलात तर १५० किंवा त्याच्या वर. तीन कपांत मिळून जवळजवळ पाऊण कप मैदा जास्तीचा गेला, आणि तुम्हाला पत्ताही नाही. वर "लागेल तसा" वेगळाच.

माझं प्रमाण, सगळं वजनावर: मैदा ४०० ग्रॅम, दूध २०० मिली, एक अंडं (कवचाशिवाय ५० ग्रॅमच्या आसपास), साखर ६०, बटर ६०, इन्स्टंट यीस्ट ७, मीठ ६. सारणाला मऊ बटर ७०, ब्राऊन शुगर १२०, दालचिनी पूड १५. यात २३ सेंमीच्या चौकोनी टिनमध्ये नऊ रोल बसतात.

एकच प्रश्न. तुमचा एक कप मैदा वजनात किती भरतो? आज मोजून सांगा.

तिरपी_मांजर

मी आयुष्यात मैदा वजन करून घेतला नाही आणि माझे रोल वाटीभर उरत नाहीत. पीठ हाताला कळतं हो. मैदा प्रत्येक पाकिटाचा वेगळा, हवा रोज वेगळी. पावसाळ्यात तेवढंच दूध जास्त होतं. काट्यावरचा आकडा घेऊन काय करायचंय?

शाईताई, चिकटपणाला घाबरू नका. सगळं नुसतं एकत्र करा, ओबडधोबड दिसू दे, झाका आणि वीस मिनिटं तिकडं बघूच नका. परत याल तेव्हा तेच पीठ निम्मं कमी चिकट झालेलं असेल, मैद्याचा कणही न घालता. मग मळा. परातीची कड सोडायला लागलं, पण बोटाला जरा धरतंय, तिथं थांबायचं. हाताला मैदा लावण्याऐवजी बटरचा हात लावा.

काटकोन

ज्यांच्या हाताला कळतं त्यांना काटा नको, मान्य. पण ज्यांच्या हाताला पाच खेपांत कळलेलं नाही त्यांनी हातालाच विचारत बसायचं का? आधी आकड्यानं बरोबर पीठ एकदा तयार करा. ते हाताला कसं लागतं ते लक्षात ठेवा. मग खुशाल काटा माळ्यावर टाका.

वीस मिनिटं थांबण्याबद्दल मात्र +१. मैद्याला पाणी प्यायला वेळ लागतो. तेवढ्यात ग्लुटेनचं जाळं (मैद्यातल्या प्रथिनांचं, पिठाला ताण देणारं) आपलं आपण धरायला लागतं, मळण्याचं निम्मं काम फुकटात होतं.

तिरपी_मांजर

"माळ्यावर टाका" हे आवडलं. तह मंजूर.

अणुरेणू

चौथ्या खेपेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. दालचिनीला तिचा वास ज्यामुळे येतो ते सिनॅमाल्डिहाइड यीस्टची वाढ रोखतं. बुरशी आणि जिवाणूंनाही ते आवर घालतं, झाडाच्या सालीत ते असण्याचा उपयोग बहुधा तोच असावा. चिमूटभर पिठात गेली तर फारसं बिघडत नाही, पण दोन मोठे चमचे थेट पिठात म्हणजे यीस्टला जागेवरच डांबलंत. सारणात ती वेगळ्या थरात राहते, पिठाशी तिची गाठ वरवरची पडते, म्हणून तिथं चालतं. तेव्हा हे रोल गुंडाळायचे असतात ते नुसते दिसायला नाही!

रच्याकने (म्हणजे जाता जाता), दालचिनी कुठली वापरता? जाड, कडक, एकाच पापुद्र्याची गुंडाळी असेल तर ती कॅशिया. ठसका तिचाच, आणि बेकिंगमध्ये जो ओळखीचा झणझणीत वास असतो तो तिचाच. पातळ, ठिसूळ, अनेक पापुद्र्यांची असेल तर सिलोन. तिचा स्वाद नाजूक, साखर-बटरमध्ये हरवून जातो. कॅशियात कुमारिन नावाचं रसायन बरंच जास्त असतं आणि ते रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. महिन्यातून दोनदा रोल खाणाऱ्यानं ठसका निवडावा असं माझं मत. रोजच्या चहात, दुधात घालायची असेल तर सिलोन.

कोरडी_शाई

अणुरेणू, दंडवत. मी चार तास त्या गोळ्याजवळ दिवा लावून बसले होते, ऊब मिळावी म्हणून. आणि आत काय चाललं होतं!

कॅशियाच आहे. कप उद्या मोजते, काटा शेजारून आणायचाय.

मिश्टी_दोरा

सारण गळण्यावर मी पीएचडी करू शकते, इतकं गाळलंय. माझा अनुभव सांगते.

बटर वितळवून लावू नका. वितळलेलं बटर पिठावर बसत नाही, गुंडाळताना कडेनं निसटतं आणि साखर बरोबर घेऊन जातं. बोट लावलं की खळगा पडेल इतपत मऊ हवं. मी बटर, ब्राऊन शुगर, दालचिनी आणि एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर एकत्र फेटून लेप करते आणि तो उलथन्यानं फासते. कॉर्नफ्लोअर सुटलेला पाक धरून ठेवतं. साखर वरून भुरभुरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, गुंडाळताना सांडत नाही.

लांबची कड, जिथं गुंडाळी संपते, ती दोन सेंमी कोरडी सोडा. तिला पाण्याचं बोट फिरवलं की नीट चिकटते.

आणि कापायला सुरी नको! सुरीनं दाबलं की गोल रोलचं लंबुळकं होतं, सारण कडेनं बाहेर. साधा शिवणाचा जाड सुती दोरा घ्या (किंवा बिनवासाचा डेंटल फ्लॉस, पुदिन्याचा घेतलात तर पुढची जबाबदारी माझी नाही). गुंडाळीखालून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून फुलीसारखी ओढायची. खटकन काप. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

खारूताई_झाडावर

पुदिना फ्लॉस, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). अनुभव दिसतोय.

मिश्टी_दोरा

आहे. विषय बदला.

सावकाश_जा

दुसऱ्या खेपेतला कच्चा मधला रोल. टिन कसला होता? काचेचा असेल तर तो उशिरा तापतो, १८० अंशांवर २५ मिनिटं धातूच्या टिनला पुरतात ती काचेच्या भांड्याला पुरतीलच असं नाही. शिवाय मधल्या रोलला चारी बाजूंनी शेजारी, त्याला उष्णता सगळ्यांत शेवटी पोचते. वरचा रंग बघून बाहेर काढलं की हमखास फसगत. दूध-साखर असल्यामुळे वरून लवकर तांबूस होतं.

काठीवाला थर्मामीटर असेल तर मधल्या रोलच्या पोटात खुपसा. ८८ ते ९० अंश सेल्सिअस झालं की झालं. वरून रंग आधीच आला तर फॉइलचं पांघरूण घाला आणि आत राहू द्या. छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल टिनच्या डोक्यावरच असते, तिथं पंधराव्या मिनिटालाच फॉइल लागतं. आणि ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा स्वस्तातला थर्मामीटर मिळतो. माझा ओव्हन १८० म्हणतो तेव्हा १६० असतो, हे मला तीन वर्षांनी कळलं. तीन वर्षं मी प्रत्येक पाककृतीला नावं ठेवत होतो.

नवी_पाटी

वाखूसा (वाचनखूण साठवली). अंड्याशिवाय होतील का?

काटकोन

होतील. अंड्याऐवजी ४० मिली दूध आणि १० ग्रॅम बटर वाढवा. रंग थोडा फिका येईल, बाकी फारसं कळत नाही.

कोरडी_शाई

मोजला.

माझा एक कप मैदा: १५८ ग्रॅम.

तीनदा मोजला. तीन कप म्हणजे ४७४. त्यावर मूठमूठ करत घातलेला किमान अर्धा कप. म्हणजे मी पाऊण कप दुधात साडेपाचशे ग्रॅम मैदा मळत होते. फरशीवर आवाज होणारच!

काटकोन, मान गये. मांजरताई, तुमच्या हाताला माझ्याकडून नमस्कार, पण माझा हात तूर्त निलंबित.

काटकोन

१५८ :) कुदळीनं भरता का कप?

तिरपी_मांजर

असू दे रे. पहिल्या खेपेपासून कुणी मोजायला सांगितलं असतं तर बिचारीची मेहनत वाचली असती. पुढचं सांगते, ते आकड्यात येत नाही.

बटर सुरुवातीलाच घालू नकोस (आता तू म्हणते, चालेल ना?). आधी बाकीचं पाच मिनिटं मळ, थोडी तार आली की मऊ बटर दोन-तीन वेळा करून घाल. आधीच घातलं तर पिठाला तुपकट आवरण बसतं आणि जाळं धरायला उशीर लागतो. बटर घातल्यावर सगळं एकदम भयाण दिसेल, फाटेल, चिळचिळीत होईल. तिथंच लोक घाबरून मैद्याच्या डब्याकडे धावतात. धावायचं नाही. तिंबत राहायचं. पाच-सात मिनिटांत परत एकजीव होतं. सुपारीएवढा तुकडा घेऊन बोटांनी ताण, न फाटता पलीकडचा उजेड दिसला की झालं.

पहिल्यांदा दुप्पट होऊ दे. घड्याळ नको, गोळा बघ. थंडीत माझा दोन तास घेतो, उन्हाळ्यात पाऊण. रोल कापून टिनमध्ये लावल्यावर दुसऱ्यांदा फुगू दे. मग पिठाचं बोट हलकेच दाब. खळगा लगेच भरला तर अजून थांब. हळूहळू, अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये. भरलाच नाही तर उशीर झाला, तरी भाज, खायला वाईट लागत नाही.

अणुरेणू

पहिल्या फुगवणीला वेळ लागला तर घाबरू नका, एवढंच जोडतो. साखर मैद्याच्या १० टक्क्यांच्या वर गेली की ती पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि यीस्ट मंदावतं. काटकोन यांच्या प्रमाणात ती १५ टक्के आहे. साध्या पावापेक्षा हे सावकाशच फुगणार. गोड पिठासाठी वेगळं यीस्ट मिळतं, पण एवढ्या साखरेला साधं इन्स्टंटही चालतं. दूध बोटाला जेमतेम कोमट, ३७-४० अंश, त्यावर नको.

बडीशेप_नको

भाजायच्या आधी रोलवर अर्धा कप क्रीम ओतायचं, मग कापसासारखे होतात. कुणी केलंय?

काटकोन

कोरड्या पिठावर पांघरूण. पीठ नीट असेल तर गरज नाही. तळ ओला राहतो.

मिश्टी_दोरा

असहमत. तळाशी जो ओलसर, पाकाळलेला थर होतो तोच मला आवडतो. पण शाई, सहाव्या खेपेला नको. एका वेळी एकच नवं.

मऊपणा टिकवायचा असेल तर क्रीमपेक्षा तांगझोंग कर. ४०० पैकी २० ग्रॅम मैदा आणि २०० पैकी १०० मिली दूध एका छोट्या भांड्यात मंद आचेवर ढवळत राहायचं, ६५ अंशांच्या आसपास खळीसारखं दाट होतं. गार करून पिठात घालायचं. शिजलेला स्टार्च पाणी धरून बसतो, रोल तीन दिवस मऊ राहतात. पण हेही सातव्या खेपेला.

कोरडी_शाई

सहावी खेप, काल रात्री आणि आज सकाळी मिळून.

रात्री पीठ मळलं. काट्यावर सगळं मोजून, मैद्याचा डबा मुद्दाम कपाटात वर ठेवून दिला. बटर घातल्यावर तो प्रकार खरोखरच भयाण होता. मी दोनदा कपाटापर्यंत गेले. परत आले. सातव्या-आठव्या मिनिटाला अचानक हातातलं पीठ बदललं, म्हणजे अक्षरशः एका क्षणात गुळगुळीत. मांजरताई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत की त्यात इतकं समाधान असतं?

दोन तासांनी दुप्पट झालं. ३६ बाय ३० सेंमी लाटलं, लेप फासला, गुंडाळलं, दोऱ्यानं चार-चार सेंमीवर कापलं. नऊ रोल झाले. रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणून टिन झाकून तसाच फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून सव्वा तास ठेवला, बोट दाबून पाहिलं, १८० वर २४ मिनिटं. (ओव्हनमध्ये थर्मामीटर टाकलाय, माझा १० अंश जास्त तापतो.) मधल्या रोलचं पोट ९० अंश.

गळले नाहीत. कच्चे नाहीत. मऊ आहेत. पोरांनी उभ्या उभ्या चार संपवले. फोटो टाकलाय, खारूताई बघा.

एक गंमत मात्र झाली. चार-पाच रोलचा मधला भाग वर सुळक्यासारखा बाहेर आलाय. शंखच म्हणा. का?

खारूताई_झाडावर

फोटो बघितला. नवग्रहांतले पाच बंडखोर दिसतायत.

मिश्टी_दोरा

फार आवळून गुंडाळलंस. फुगताना आतल्या वेटोळ्यांना बाजूला जागा मिळाली नाही, मग वर जाणार नाही तर कुठं? सैलसर गुंडाळायचं, ओढायचं नाही. आणि शेपटाचं टोक रोलच्या पोटाखाली खोचायचं, नाहीतर भाजताना उलगडतं. ठेवतानाही मध्ये बोटभर फट हवी. चवीला काही फरक पडत नाही, शंख तर शंख.

सावकाश_जा

अभिनंदन! आता आजच्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक करू नका. उरलेले फ्रिजमध्ये ठेवू नका. पाचव्या खेपेचे टणक झाले त्यात थोडा हात फ्रिजचाही असणार. पाव फ्रिजमध्ये बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो, कारण त्या थंडाव्यात स्टार्च पुन्हा बांधला जातो आणि पाणी सोडतो. बंद डब्यात बाहेर दोन दिवस, त्यापुढे थेट फ्रीझर. खाताना मायक्रोवेव्हमध्ये १५-२० सेकंद.

कोरडी_शाई

अगदी बरोबर, पाचव्या खेपेचे फ्रिजमध्येच होते. पण वरचं क्रीम चीज बाहेर कसं ठेवू? लावून झालंय पाचावर.

सावकाश_जा

लावलेले ते आधी संपवा, हा काही त्रास नाही. दोन तासांत संपले नाहीत तर ते फ्रिजमध्ये जाणं भाग आहे. पुढच्या वेळी क्रीम चीज, बटर, पिठी साखर फेटून वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये आणि रोल कोरडे बाहेर. खाताना रोल गरम करायचा, हाताला सोसेल इतपत निवू द्यायचा, मग वरून लावायचं. कडकडीत असताना लावलं तर पाणी होऊन खाली उतरतं.

नवी_पाटी

मीही आज केले, अंड्याशिवाय, काटकोन यांच्या प्रमाणानं. भराभर फुगले, दिसायला झकास. पहिल्या घासाला कळलं की मीठ घालायचं राहिलं. पिठूळ आणि बेचव, सारण तेवढं गोड.

अणुरेणू

भराभर फुगले त्याचं कारणही तेच. मीठ यीस्टला लगाम घालतं. वरच्या क्रीम चीजमध्ये चिमूटभर मीठ घालून पाहा, निदान आजचे खपतील.

कोरडी_शाई

दुसरा दिवस, सकाळ. कोरडे चार बंद डब्यात ठेवले होते, फ्रिजबाहेर. दोन गायब आहेत, चौकशी चालू आहे.

उरलेल्यांपैकी एक मुद्दाम तेवढ्याच उंचीवरून फरशीवर पाडला. आवाज नाही. नुसतं "थप्प".

खारूताई_झाडावर

पडतानाचा फोटो?